काजळाचा दोष नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. राजूरच्या गणपतीला सांगितलं, पण तेही अर्धंच — आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल त्यानं विचारू नये म्हणून वर एक नारळ फोडला. तुम्हाला का सांगायला बसले, ते माझं मलाही नीट कळत नाही. तुम्ही ओळखीचे नाही, उद्या तुमच्यापुढं चहाचा कप ठेवायची पाळी माझ्यावर येणार नाही, म्हणून असेल. किंवा मी आता भित्री म्हातारी झालेय. भित्र्या माणसाला शेवटी भुताखेतांपेक्षा स्वतःच्या तोंडाचीच जास्त भीती वाटायला लागते — कधी काय निसटेल याची. निसटण्याआधी आपणच सांगावं, नाही का?

पण थांबा. एकदम नाही सांगता येणार. मला जरा वळसा घालून यावं लागेल.

गेल्या महिन्यात नातीच्या शाळेचं गॅदरिंग झालं. साक्षी माझी नात, चौथीत आहे, नाचात होती. शाळेतल्या बाईंनी पोरींच्या डोळ्यांना असं काळंनिळं फासलं होतं की सगळ्या मारामारी करून आल्यासारख्या दिसत होत्या. घरी आल्यावर सून टॉवेल ओला करून ते घासायला लागली आणि पोरगी किंचाळली. मी आतून पळत आले. टॉवेल हिसकावलाच मी सुनेच्या हातातून — सासूपणा म्हणा हवं तर. पोरीला मांडीवर घेतलं. कापसाचा बोळा खोबरेल तेलात भिजवला, मिटलेल्या पापणीवर ठेवला आणि नुसती धरून बसले. घासायचं नाही. ओढायचं नाही. रंगाला आपणहून सुटू द्यायचं. मग वरून खाली, केसांच्या कलानं, अलगद टिपून घ्यायचं. बोळा काळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. पापण्यांच्या मुळाशी राहिलेली रेघ वातीच्या टोकानं काढायची, श्वास रोखून. साक्षी मध्येच पेंगायला लागली.

"आजी, तुझा हात किती मऊ आहे गं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "कुणी शिकवलं तुला?"

आणि मी — जालन्याच्या साऱ्या मस्तगड भागात जिच्या जिभेला लोक वचकून असतात ती मी — म्हणाले, "कुणी न्हाई. असंच."

ही माझी अलीकडची लबाडी. पहिली याच घरातली. ती झाली तेव्हा मी इथल्या न्हाणीच्या दारात उभी होते, आणि माझ्या मांडीवर नाही, पण माझ्या हातात असाच एका पोरीचा चेहरा होता.

जालना जिल्हा झाला त्याच्या आसपासचं ते वर्ष. गावाला मोठा आनंद झाला होता, आणि मला वाटायचं, जिल्ह्याच्या गावाला आता ब्यूटी पार्लर पाहिजे, आणि ते चालवणारी बाई म्हणजे अर्थातच मी. माझी लायकी ऐका. औरंगाबादला मावशीकडे मी थोडे दिवस राहून आले होते. मावशीच्या शेजारी एक पार्लर होतं. धुणं वाळत घालायच्या निमित्तानं मी खिडकीतून आत बघायची. झालं शिक्षण! परत आल्यावर गल्लीत सांगितलं, कोर्स करून आले. खिडकीतून शिकलेली ब्यूटीशियन! भुवया कोरायला दोरा दातात धरायची, पण तोंड बंद राहील तर ना. एका नव्या नवरीची एक भुवई बोलता बोलता इतकी वर गेली की ती बिचारी पुढचा सगळा सणवार आश्चर्यचकित दिसत होती. मी म्हणाले, फॅशन आहे. तिनं मानलं. तिच्या सासूनंही मानलं. लोक मानतात हो. आपण मान ताठ ठेवली आणि आवाज हलू दिला नाही की लोक काहीही मानतात. हे मला तेव्हाच कळलं होतं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आता घरातली माणसं सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सोपं — कुणाला, ते विचारू नका.

सासूबाई माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेल्या. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे. गावाकडची शेती भावाकडे देऊन ते जालन्यात बियाण्याचं दुकान चालवायचे. आबा खोकले की घरातले आवाज बंद व्हायचे — रेडिओसकट. माझा नवरा त्यांच्यापुढं कधी वर मान करून बोलला नाही, त्यामुळं त्याच्याबद्दल इथं सांगण्यासारखं काही नाही. नणंद सुली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आणि गोदाआत्या.

गोदाआत्या म्हणजे आबांची बहीण. लग्न कळायच्या आत विधवा होऊन भावाच्या घरी परत आलेली. सुलीची आई गेल्यावर सुलीला तिनंच वाढवलं. अशा बाईची शुभकार्यातली जागा तुम्हाला माहीत असेल — दाराच्या मागं. घरात हळदीकुंकू असलं की आत्या स्वयंपाकघरात बसून वाटली डाळ करायची, आणि बाहेर बायका म्हणायच्या, डाळ फार छान झाली. पण एक गोष्ट होती जिथं तिला दारामागं राहू देत नसत. काजळ.

आत्या काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची ताटली पालथी घालायची, वर ओलं फडकं ठेवायचं. जमलेली काजळी पिसानं खरवडायची, लोण्यात कालवायची आणि पितळी डबीत भरायची. गल्लीतलं एकही पोर गोदाआत्याचं काजळ डोळ्यात पडल्याशिवाय पाळण्यात घातलं जात नसे. हे कसं सुरू झालं कुणाला ठाऊक नव्हतं. कुणाचं तरी न जगणारं पोर तिच्या काजळानंतर जगलं म्हणे, आणि मग विधवा-बिधवा सगळं लोकांनी बाजूला ठेवलं. बारशाच्या दिवशी बायका घरी येऊन तिला हाताला धरून न्यायच्या. "चला हो आत्या, तुमच्याबिगर पाळणा हालंना." त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची, डबी कनवटीला लावायची आणि पोराच्या डोळ्यात करंगळीनं अशी रेघ ओढायची की पोर रडायचं विसरायचं. परत येताना ती जरा ताठ चालायची. तेवढाच तिचा सण.

तो मी घेतला तिच्याकडून.

बघा, निघालं तोंडातून. पण कसा घेतला ते अजून सांगितलेलं नाही.

त्या गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळानं सजीव देखावा ठेवला होता. सुलीला पार्वती केलं होतं. आबांनी परवानगी दिली, पण बजावून: "देवापुढं उभी राह्यती तर राहू दे. थोबाड रंगवायचं न्हाई." कारण गणपती उठले की तीर्थपुरीचे पाहुणे सुलीला पाहायला येणार होते, आणि नाटकातल्यासारखी रंगलेली पोरगी म्हणून तिचा बोभाटा व्हायला नको होता. देखाव्याच्या दिवशी आबा राजूरला दर्शनाला गेले. मुक्कामी राहणार होते. झालं. मांजर घरात नाही म्हटल्यावर ही उंदरीण नाचायला लागली.

सुलीच्या पापण्या कशा होत्या सांगू? लांब, दाट, वासराच्या असतात तशा. ती खाली बघायची तेव्हा गालावर सावली पडायची. तिला काजळाचीसुद्धा गरज नव्हती. मग मी काय करावं? बांगड्यांच्या दुकानातून आणलेल्या नकली पापण्या तिला लावायच्या ठरवल्या! जिला देवानं ओंजळभर दिल्यात तिला तू आणखी काय देतेस गं शहाणे — असं मला विचारणारं कुणी नव्हतं. खरं सांगू? माझ्या स्वतःच्या पापण्या झिजलेल्या कुंच्यासारख्या. सुलीच्या पापण्यांचं कौतुक झालं तर ते देवाचं. नकली पापण्यांचं झालं तर माझं. एवढंच होतं ते.

पापण्यांबरोबरची डिंकाची नळी वाळून दगड झालेली निघाली. आता? मंडळाच्या पेटीत बाटली होती — पोरं नाटकात दाढीमिशा चिकटवतात तो गम. मी विचार केला, मिशी म्हणजे केस, पापणी म्हणजेही केसच. केवढी ही बुद्धी! सुली म्हणाली, "वहिनी, ह्याचा वास कसा उग्र येऊन राह्यला." मी म्हणाले, "औरंगाबादला हाच वापरतात." ताठ मान, न हलणारा आवाज. तिनं मानलं.

ती उभी राहिली आणि गर्दी गप्प झाली. मी बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहून ऐकत होते — "डोळे बघ गं, डोळे", "कमळवहिनीनं केलंय म्हणं सगळं." मला तर वाटलं, आता पाटी रंगवायलाच टाकावी.

देखावा संपवून आम्ही दोघी घरात शिरलो, आणि मागून गल्लीतल्या पोरांचा गलका ऐकू आला — आबा आले, आबा आले. राजूरला गर्दी फार, म्हणून दर्शन घेऊन मिळेल त्या गाडीनं परत आले होते. कोपऱ्यावर कुणाशी तरी बोलत उभे होते.

मी सुलीला न्हाणीच्या दारात ओढलं. पदर ओला करून तोंड पुसलं. उजवी पापणी घामानं सैल झाली होती, निघाली. डावी निघेना. मी नखानं उचलायला गेले तर तिच्या डोळ्याची कातडीच उचलून यायला लागली.

"वहिनी, दुखून राह्यलं."

"गप."

खोकला ऐकू आला. आबांचा. उंबऱ्याशी.

मी ओढली. कणसाचं साल ओढावं तशी, एका हिसक्यात.

ती ओरडली नाही. ओढणीचा बोळा दातात धरला तिनं, कारण तिलाही आबांचंच भय होतं. माझ्या बोटांत ती पट्टी राहिली — आणि तिच्यावर नकली पापण्यांच्या शेजारी सुलीच्या खऱ्या पापण्या होत्या. मुळांसकट. प्रत्येकीच्या टोकाला पांढरा ठिपका. अजून तो ठिपका मला दिसतो. तीळ निवडताना दिसतो, साबुदाणा भिजवताना दिसतो.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. गम डोळ्यावर तसाच चिकटून होता. म्हणून मी रॉकेलचा बोळा फिरवला. हो, रॉकेलचा. मिटलेल्या डोळ्यावर, घाईघाईनं, घासून. तुम्हाला अंगावर काटा आला? मला तेव्हा नाही आला. मला तेव्हा फक्त आबांच्या चपला ऐकू येत होत्या.

ती पट्टी मी चुलीत टाकली. चर्रकन वास सुटला. "काय जळून राह्यलं गं कमळे?" आत्या आतून म्हणाली. "केस गेला असंल चुलीत, आत्या." तेही खरंच होतं की!

जेवताना सुली डोळा धरून बसली. आत्यानं विचारलं, तर म्हणाली, झोंबतंय. आत्याला वाटलं पावडर गेली असेल. तिनं पाणी मारलं, फुंकर घातली आणि कनवटीची डबी काढली. "थंडावा येईल बाय माझ्या." मी भाकरी थापत होते. मला सगळं दिसत होतं — करंगळी डबीत गेली, करंगळी डोळ्याकडे गेली. एक वाक्य बोलायचं होतं. आत्या, थांबा. दोनच शब्द. पण आबा पाटावर बसले होते. मी भाकरी तव्यावर टाकली.

सकाळी सुलीचा डावा डोळा पुरीसारखा टम्म फुगला होता. पू येऊन चिकटून बसला होता, उघडेना. आबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. घाबरलेला बाप होता तो. आम्ही सगळे डॉक्टरांकडे गेलो, आत्याही, सुलीचा हात धरून. डॉक्टरांनी बॅटरी धरली, पापणी उलटली आणि विचारलं:

"डोळ्याला काय लावलं होतं?"

सुलीनं तोंड उघडलं. "वहिनीनं—" एवढंच म्हणाली ती. तिचा दुसरा हात माझ्या हातात होता. मी तो दाबला. इतका दाबला की माझ्याच बांगडीचा वण माझ्या मनगटावर उठला.

"काजळ," मी म्हणाले. "घरचं काजळ आहे. आत्यांनी घातलं रात्री."

एक शब्द खोटा होता का त्यात? सांगा ना. घरचं होतं. आत्यानंच घातलं होतं. रात्रीच घातलं होतं. मी एकही खोटा शब्द बोलले नाही. इतकी हुशार होते मी.

डॉक्टर कडाडले. दिव्याची काजळी डोळ्यात घालता, पोरगी आंधळी करायची का, बुबुळाला इजा झालीय का ते एक-दोन दिवसांत कळेल. आबांनी फक्त वळून बहिणीकडे पाहिलं. आणि आत्यानं स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं. तिथं काळा डाग होता अजून.

घरी येऊन तिनं स्वतःच डबी राखेत रिकामी केली. कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचे दिवस मी कसे काढले? ताटातलं तसंच ठेवून उठायची. कुणी दार वाजवलं की वाटायचं, कळलं. गमाची बाटली मी पेटीतून काढून पदराखाली घेतली आणि कुंडलिकेत फेकून आले. येताना वाटेत ओळखीचं माणूस दिसलं तर मान फिरवली. राजूरच्या गणपतीला म्हणाले, देवा, पोरीचा डोळा वाचव, मी सगळं खरं सांगीन. पण ऐका, मला भीती नक्की कशाची होती. सुलीचा डोळा जाईल याची होतीच. आणि तो उघडेल, याचीही होती. डोळा उघडला की तोंड उघडेल. एकाच वेळी मी ती बरी व्हावी म्हणून हात जोडत होते आणि ती गप्प राहावी म्हणूनही. देवानं कोणतं ऐकायचं?

समोरच्या रेहानाभाभी बघायला आल्या. त्यांच्या सगळ्या पोरांच्या डोळ्यात आत्याचंच काजळ. त्या आत्याशेजारी बसल्या आणि एकदम मला म्हणाल्या, "अम्मा के काजल से मेरे चारों बच्चे बडे हुए. किसी की आँख नै आई. और क्या लगाए थे जी आँख को?"

चुलीतलं लाकूड फुटलं.

"कुछ नै," मी म्हणाले. "पावडर. बस."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग उठून गेल्या. पुढं कितीतरी वर्षं त्या गच्चीवर दिसल्या की मी कपडे वाळत न घालताच बादली घेऊन खाली यायची.

आणि सुली. तिनं एकदा विचारलं, पट्टीखालून, हळूच: "वहिनी, त्या गमानं तर न्हाई झालं?" तेव्हा मी तिला काय म्हणाले असेन? हे सांगताना मला पाणी प्यायला उठावं लागतंय. मी म्हणाले, "नट्या रोज लावतात, त्यांना काही होत न्हाई. काजळानंच झालं. आणि ऐक — पापण्यांचं आबांना कळलं ना, तर पाहुणे राहू दे, कॉलेज बंद करतील तुझं. माझं काय, मला माहेर हाय." डोळ्याला पट्टी बांधलेल्या पोरीला मी भीती घातली. माझ्याजवळची सगळी भीती काढून तिच्या उशाशी ठेवली.

तिनं पुन्हा ते विचारलं नाही.

डोळा वाचला. बुबुळाला काही नव्हतं. मी राजूरला गेले, नारळ फोडला, मोदक ठेवले आणि नवसाचा दुसरा भाग विसरल्यासारखं केलं. मला वाटलं, सुटले.

पण डावी पापणी ओकीबोकी झाली होती. आणि आत्यानं ती आपल्या हातानं भरून काढायची ठरवली. रोज सकाळी ती सुलीला उजेडात बसवायची. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून आधी डोळ्यावर ठेवायची, रात्रीचं मलम मऊ पडेपर्यंत. वरून खाली टिपून घ्यायची. खपली धरली असेल तर ओढायची नाही, पुन्हा कापूस ठेवायची. सुलीला डोळा चोळू द्यायची नाही. डॉक्टरांना विचारून आली होती, आणि त्यांनी होकार दिल्यावरच पुढं कधीतरी वातीच्या टोकाला एरंडेल घेऊन पापणीच्या काठाबाहेर लावायला लागली. करंगळीनं नाही. करंगळी ती मुडपून ठेवायची. "पापणीला ओढायचं नसतं बाय," ती पुटपुटायची. "लई नाजूक असती. तिला सुटू द्यावं लागतं." मग हात जोडायची, सुलीच्या बंद डोळ्याला. "माझ्या हातून झालं गं. माझ्या हातून."

मी दारात उभी राहून बघायची. रोज बघायची. औरंगाबादच्या खिडकीतून जे शिकले ते सगळं खोटं होतं. जे खरं शिकले ते त्या दारातून. आता कळलं ना, माझा हात मऊ कुणी केला?

पापण्या आल्या. हळूहळू, विरळ. फक्त बाहेरच्या कोपऱ्यातल्या काही कधीच आल्या नाहीत. तीर्थपुरीचे पाहुणे लांबणीवर पडले, पण आले, लग्न झालं, सुलीचं चांगलं चाललं. पाटी नसलेलं माझं ते घरातलं पार्लर मी बंद केलं. आबांना आवडत नाही, असं सांगितलं. आबांच्या नावावर माझं बरंच काही खपलं.

गल्लीत काजळ बंद झालं. बारशाला आत्याला न्यायला कुणी येईना. कुणी तोंडावर वाईट बोललं नाही, हेच जास्त वाईट. शेजारी पाळणा म्हणायला लागले की ती सूप घेऊन धान्य पाखडायला बसायची. टाळ्या वाढल्या की तिचं पाखडणं वाढायचं.

मग सुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगा. बारशाला घर भरलं होतं, पाळणा सजवला होता, त्याची दोरी माझ्या हातात. सुली बाळाला घेऊन उठली, बायकांच्या मधून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "आत्या, घाल काजळ."

आत्या दारामागून पुढं आली नाही. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "न्हाई बाय," ती म्हणाली. "माझ्या हाताला गुण न्हाई. तुला ठावं हाय ना. लेकराच्या डोळ्याला न्हाई लावणार मी."

"मी सांगून राह्यले ना, घाल."

"न्हाई."

आणि मग सुलीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, थांबून, जणू माझी पाळी होती. तिला माहीत होतं का? ती मला संधी देत होती का? की मीच भीतीनं तसं वाचलं? इतकी वर्षं मी हा प्रश्न रोज उलटा सुलटा करते आणि तिला विचारत नाही. विचारलं तर ती उत्तर देईल.

घर भरलेलं होतं. आबा बाहेर ओसरीवर होते, म्हातारे झाले होते, आता त्यांच्या खोकल्याला कुणी भीत नव्हतं. मला कुणी मारलं नसतं. कुणी घराबाहेर काढलं नसतं. एक वाक्य पुरे होतं, आणि ते ऐकायला हवी होती ती सगळी माणसं समोर बसलेली होती.

मी पाळण्याची दोरी ओढली. म्हणाले, "चला गं, म्हणा पाळणा. मुहूर्त चाललाय."

बायका म्हणायला लागल्या. आत्या आत गेली. थोड्या वेळानं सुपाचा आवाज यायला लागला.

त्यानंतर ती काही वर्षं होती. शेवटच्या आजारपणात मी तिचं सगळं केलं. लोक म्हणाले, कमळीनं सख्ख्या सासूसारखं केलं. सकाळी तिचे चिपडलेले डोळे मी कोमट पाण्याच्या कापसानं भिजवून टिपून घ्यायची, वरून खाली, न ओढता. ती म्हणायची, "हात मऊ हाय तुझा." मी मान खाली घालून कापूस बदलायची. तिथंही नाही सांगितलं. शेवटपर्यंत ती करंगळी मुडपूनच ठेवायची.

तिची तांब्याची ताटली माझ्याकडे आहे. सुली तीर्थपुरीला असते, सणावाराला येते. बोलताना मी तिच्या उजव्या डोळ्याकडे बघते.

साक्षीनं विचारलं होतं, कुणी शिकवलं. गोदाआत्यानं शिकवलं. आणि तिच्या काजळात काही दोष नव्हता. ते चांगलं होतं. सुलीच्या पापण्या मी उपटल्या, आणि रॉकेलही मीच लावलं.